बेळगावच्या टिळकवाडीतलं जुन्या डीव्हीडीचं दुकान, एकदा जाऊन याच
बोर्ड कन्नडमधी, मामा मराठी, अन् आत अमेरिकन सिरीयल, जुन्या मासिकांचा नुसता ढीग. मी १९६० च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या, टीव्हीवरच्या केनेडी-निक्सन डिबेटची डीव्हीडी घेतली, निक्सन आजारातनं नुकता उठलेला, नीट मेकअप करून घ्यायलाच तयार नाही, मग काय, तोंड पडलेलं अन् रुमालानं घाम पुसतोय, समोर केनेडी एकदम हिरो! निक्सन थोडक्यात हरला ते काय एवढ्यानंच नव्हे, पण चेहऱ्याला किंमत आली ती तिथनंच. पुढं १९८० ला पिक्चरवाला रेगनच निवडून आला, ट्रम्प तर २००४ पासनं रिॲलिटी शोमध्ये लोकांना नोकरीवरनं काढत होता की ओ. सगळ्यात भारी म्हणजे १९९२ ला उपाध्यक्ष क्वेलनं भाषणात चक्क सिरीयलमधल्या बिनलग्नाच्या आईवर टीका केली, अन् पुढं त्या सिरीयलनंच त्याला एपिसोडमधनं उत्तर दिलं. असलं काय काय मामा चहा पाजत सांगतात.
तक्रार एकच, एका डिस्कवर ओरखडे, मधेच अडकते, मामांनी बदलून दिली नाही. लावून बघूनच पैसे द्या. पार्किंग नाही. पाचात साडेतीन.