सॅमसंग ए१६ ५जी की आयकू झेड९एक्स: दुकानातला कागद आणि वावरातला फोन

आयकू झेड९एक्स ५जी मे २०२४ मध्ये आला आणि सॅमसंग गॅलेक्सी ए१६ ५जी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजचं मॉडेल धरलं, तर बाजारात येतानाची किंमत आयकूची १५,९९९ रुपये आणि सॅमसंगची १८,९९९. दोघांचे माहितीचे कागद शेजारी ठेवले की तीन हजार जादा देऊन सॅमसंग घेणाऱ्याला कोणीही वेड्यात काढेल. आयकूत स्नॅपड्रॅगन ६ जेन १ चिप आहे, म्हणजे ए७८ जातीचे चार दमदार कोर (कोर म्हणजे चिपमधले काम करणारे भाग). सॅमसंगमध्ये डायमेन्सिटी ६३००. त्यात मोठे कोर दोनच, तेही जुन्या ए७६ पिढीचे. बॅटरी आयकूची ६००० एमएएच, सॅमसंगची ५०००. चार्जिंग ४४ वॉट आणि २५ वॉट, पडदा १२० हर्ट्झ आणि ९० हर्ट्झ (सेकंदाला चित्र तेवढ्या वेळा बदलतं), स्पीकर दोन आणि एक. आयकूच्या डब्यात चार्जर निघतो, सॅमसंगच्या डब्यात नुसती केबल. हेडफोनची गोल पिन आयकूला बसते, सॅमसंगला बसत नाही.

हे सगळे आकडे खरे आहेत. पण पऱ्हाटीच्या वावरात, टिनाच्या खोलीत आणि एका दांडीच्या नेटवर्कमध्ये त्यातले मोजकेच हाताला जाणवतात. जो आकडा सगळ्यात महाग पडतो, तो दुकानातल्या कागदावर शेवटी, बारीक अक्षरात असतो, किंवा नसतोच.

आधी चिप बघू, कारण दुकानदार तिच्यावरच सगळ्यात जास्त बोलतो. ई-पीक पाहणी भरणं, व्हॉट्सॲप, यूपीआयने बियाण्याचे पैसे देणं, यूट्यूब, सातबारा उघडणं, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कपास किसान ॲपवर नोंदणी करणं, एवढ्या कामात या दोन चिपांमधला फरक बोटाला कळत नाही. ॲप अडकतं ते बहुतेक वेळा नेटवर्क नसल्यामुळे किंवा पलीकडचं सर्व्हर दमल्यामुळे. घरात पोरगा बीजीएमआय खेळणारा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आयकू सरळ पुढे आहे आणि त्यात वादच नाही. १२० आणि ९० हर्ट्झचंही तसंच. ६० वरून ९० वर गेलं की यादी सरकवताना डोळ्याला फरक दिसतो, ९० वरून १२० वर गेलं की तो शोधावा लागतो.

रॅमच्या बाबतीत कागदावर आणखी एक फसगत असते. ‘८ अधिक ८, एकूण १६ जीबी’ असं लिहिलेलं दिसलं, तर त्यातले मागचे ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पटीने हळू असतं, आणि तिथे सतत लिहिणं-पुसणं झालं की त्याचीही झीज होते. खरी रॅम ८ असेल तर या उसनवारीची गरज नाही. सॅमसंगमध्ये सेटिंग, डिव्हाइस केअर, मेमरी, रॅम प्लस या वाटेने ती बंद करता येते. मग फोन एकदा रीस्टार्ट करावा लागतो.

बॅटरीचा आकडा मात्र वावरात जसाच्या तसा उतरतो. शेतीच्या फिडरला रात्रपाळीची लाईन असली की माणूस टॉर्च लावून पहाटेपर्यंत बांधावर असतो. शिवाय टॉवर दूर असला की फोनचा रेडिओ पूर्ण ताकदीने सिग्नल फेकत राहतो, आणि चार्जिंगचा मोठा खाऊ तोच असतो. तालुक्याच्या गावात दीड दिवस चालणारा फोन टेकडीआडच्या वावरात संध्याकाळीच मान टाकतो, ती बॅटरीची खराबी नव्हे. ६००० एमएएचचा फायदा इथे खरा आहे. ज्याचा दिवस घराबाहेर जातो त्याने हा मुद्दा हलका धरू नये. सॅमसंगवाल्याने निदान एवढं करावं: सेटिंग, कनेक्शन्स, मोबाइल नेटवर्क्स, नेटवर्क मोड इथे जाऊन, गावात ५जी पक्कं येत नसेल तर ५जी काढून एलटीई, म्हणजे ४जी, ठेवावं. फोन ४जी-५जीच्या दारात येरझारा घालत बसला की चार्जिंग नुसतं वाया जातं.

चार्जिंगच्या वॉटमध्ये कागद अर्धंच सांगतो. आयकूचे ४४ वॉट मिळतात ते त्याच्या स्वतःच्या चार्जरवर. पाहुण्याचा चार्जर, गाडीतलं सॉकेट, साधी पॉवर बँक यांवर तो वेग बराच खाली येतो. सॅमसंगचे २५ वॉट यूएसबी पीडीच्या पीपीएस पद्धतीवर चालतात. म्हणजे पीपीएस असलेला कोणत्याही चांगल्या कंपनीचा चार्जर चालतो, आणि तो उद्या घरातल्या दुसऱ्या फोनलाही कामी येतो. पण तो वेगळा विकत घ्यायचा आहे, म्हणून सॅमसंगची किंमत मोजताना चार्जरचे पैसे धरूनच मोजा. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. कमी व्होल्टेजची भीती बाळगू नका. चांगल्या चार्जरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेव्हा बल्ब लालसर जळत असतानाही तो काम करतो. भीती आहे ती डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची तार सुटण्याची. मग दोन फेजांमधला दाब, ४०० व्होल्टच्या आसपास, थेट घरातल्या बोर्डात येऊ शकतो. स्वस्त चार्जरमध्ये तो झेलणारे भाग नसतात आणि त्याच्यासोबत फोनही जातो. पंखा एकदम जोरात फिरायला लागला किंवा बल्ब पांढराफट्ट झाला, तर आधी मेन स्विच पाडा.

उन्हाचं बोलू. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. फोनमधली लिथियम बॅटरी एवढी तापली की फोन चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो आणि पडदाही मंद करतो. दोन्ही फोन हे करणार, किंबहुना त्यांनी ते करायलाच हवं. आयकूचा एलसीडी पडदा उन्हात १००० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचं माप) जातो, सॅमसंगचा ॲमोलेड ८०० पर्यंत. काळा रंग ॲमोलेडवर खरा काळा दिसतो, म्हणून रात्री आणि घरात तो नजरेला सुखाचा आहे. भर दुपारी आयकू थोडा उजवा. दोन्हींकडे एक चूक सगळेच करतात: ऑटो ब्राइटनेस बंद ठेवतात. उन्हातला तो सगळ्यात वरचा उजेड ऑटो चालू असतानाच मिळतो. हाताने पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी फोन खालीच थांबतो.

तापलेला फोन फ्रीजमध्ये किंवा कूलरच्या जाळीवर ठेवायची सवय मोडा. फ्रीजमधून बाहेर आला की आतल्या आत दव धरतं. कूलरसमोर बारीक तुषार असतात, ते चार्जिंगच्या खाचेत बसतात आणि सॅमसंग थेंबाचं चिन्ह दाखवून चार्जिंग अडवतो. हा बिघाड नाही, खाच ओली असताना पिना गंजू नयेत म्हणून केलेली सोय आहे. तोंडाने फुंकू नका, फुंकरीतही ओल असते. खाच खाली करून दोनदा झटका आणि पंख्याखाली कोरडी होऊ द्या.

धूळ-पाण्याच्या शिक्क्यात आयकू आयपी६४ आहे, सॅमसंग आयपी५४. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे थोडी गेली तरी काम अडत नाही. दुसरा ४ दोघांनाही सारखाच, पाण्याचे शिंतोडे झेलण्यापुरता. विहिरीत, पाटात पडला तर दोन्हींची हमी नाही, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. मात्र कापूस वेचणीत फोन बंद पडायचं जे खरं कारण असतं, तिथे हा शिक्का कामाचाच नाही. खिशातली रुई आणि धूळ चार्जिंगच्या खाचेत जाते, केबल टोचली की ती तळाशी दाबून बसते, आणि महिन्याभरात तिचं नमद्यासारखं घट्ट बूच होतं. मग केबल पूर्ण आत बसत नाही, हलवली की चार्जिंग तुटतं, आणि माणूस ‘जॅक गेला’ म्हणून दुकानात पैसे देऊन येतो. फोन बंद करा, दात कोरायची लाकडी काडी घ्या, आणि खाचेच्या कडेकडेने, मधल्या पातळ जिभेला धक्का न लावता, रुई उचकटून काढा. पिन, सुई, सेफ्टी पिन अजिबात नको. केबल ‘टक्’ करून बसली म्हणजे झालं.

आता ते बारीक अक्षर. सॅमसंगने ए१६ ५जीला सहा अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा अपडेट कबूल केले आहेत, म्हणजे २०३० पर्यंत. आयकूला दोन आवृत्त्या आणि तीन वर्षं सुरक्षा, म्हणजे २०२७. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. २०२६ मध्ये ‘ऑफर’मध्ये घेतलेल्या झेड९एक्सला जेमतेम वर्षभर उरतं. गावात फोन तीन वर्षांनी फेकत नाहीत. तो आईकडे जातो, मग शाळेतल्या पोरीकडे, आणि दरम्यान त्याच फोनवर बँक, यूपीआय आणि आधारचे ओटीपी चालूच असतात. १८,९९९ सहा वर्षांत वाटले तर वर्षाला सुमारे ३,१६६ पडतात. १५,९९९ तीन वर्षांत वाटले तर ५,३३३. एवढ्या एका हिशोबावर आमचा कौल घरच्या फोनसाठी सॅमसंगला जातो. त्यात एक खोट आहे आणि ती लपवायची नाही: डायमेन्सिटी ६३०० आजच मध्यम आहे, पाचव्या-सहाव्या वर्षी ती रेंगाळणार, आणि मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागणार. बॅटरीचं आयुष्य लांबवायला सॅमसंगच्या वन यूआय सॉफ्टवेअरमधल्या बॅटरी प्रोटेक्शनमध्ये ‘मॅक्सिमम’ निवडलं तर फोन ८० टक्क्यांवर थांबतो. फोन घरीच असतो तिथे हे जरूर करा. रात्रपाळीच्या माणसाला मात्र ते परवडणार नाही.

सॅमसंगच्या बाजूने दुसरी मोठी गोष्ट म्हणजे ऑटो ब्लॉकर. पीएम किसानच्या किंवा बँकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) येते, ती टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि ओटीपी परस्पर पळतात. सेटिंग, सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, ऑटो ब्लॉकर हे एक बटण चालू ठेवलं की प्ले स्टोअर आणि सॅमसंगच्या ॲप स्टोअरबाहेरचं ॲप बसतच नाही. ज्या घरात फोन पाच जण हाताळतात तिथे हे बटण चार ए७८ कोरांपेक्षा मोलाचं आहे. सॅमसंगच्या स्वतःच्या डायलरमध्ये कॉल रेकॉर्डिंगही आहे. व्यापाऱ्याशी भावाचं बोलणं ठेवायला ते उपयोगी पडतं.

नको असलेली ॲप मात्र दोन्हींत आहेत. पहिल्यांदा चालू करताना ॲप सुचवणारा पडदा आला की सगळ्या टिक काढूनच पुढे जा. लॉक स्क्रीनवरच्या बातम्या-जाहिराती बंद करा, त्या डेटाही खातात.

कॅमेऱ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दोन्हींत मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल, आणि नेहमीचा फोटो त्याच्या पावपट आकाराचा निघतो. सॅमसंगमधला २ मेगापिक्सेल मॅक्रो (जवळून फोटो घ्यायचा कॅमेरा) नसल्यातच जमा. डोमकळी (गुलाबी बोंडअळीने मिटलेलं फूल) किंवा पानामागचे फुलकिडे दाखवायचे असतील तर मुख्य कॅमेऱ्यानेच वीत-सव्वावीत अंतरावरून, २एक्स झूम करून, सावलीत फोटो घ्या. पानाच्या दोन्ही बाजूंचे दोन आणि अख्ख्या झाडाचा एक. कृषी विद्यापीठाच्या माणसाला निदान करायला तेवढं लागतं.

बोटाचा ठसा दोन्हींत बाजूच्या बटणावर आहे. निंदणी-फवारणीच्या दिवसांत अंगठा भेगाळला की तो ओळखत नाही. एकच अंगठा दोनदा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा तिरपा धरून.

फुटलेला पडदा बदलताना सॅमसंगचा ॲमोलेड कॉम्बो (काच आणि पडदा एकत्र) महाग पडतो. स्वस्तात ‘कॉपी’ कॉम्बो बसवून घेतला तर उजेड कमी, बॅटरीचा खर्च जास्त. घ्यायच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणी कोणाचं सर्व्हिस सेंटर आहे ते विचारा. ज्याच्यासाठी नागपूर-अमरावतीची फेरी पडते, त्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी किमतीत धरा. सिमचा एक कप्पा सॅमसंगमध्ये मेमरी कार्डाशी वाटून घ्यावा लागतो. गावात दोन कंपन्यांची सिम लागतातच, तेव्हा कार्डाची आशा सोडा आणि जमलं तर २५६ जीबीचं मॉडेल बघा.

दुकानात जाताना आपलं सिम खिशात न्या. ते टाकून सेटिंग, अबाउट फोन, स्टेटस, सिम कार्ड स्टेटस इथला सिग्नलचा आकडा वाचा आणि त्याच जागी आपल्या जुन्या फोनवरही वाचा. उणे ९० (डीबीएम) चांगला, उणे ११० च्या पुढे, म्हणजे उणे ११५, १२० झाला, की आवाज तुटतो. दोन फोनांत १० चा फरक असेल तर वावरात तो एका दांडीचा फरक ठरतो. बीएसएनएल वापरत असाल तर फोनच्या बॅंडच्या (लहरींच्या पट्ट्यांच्या) यादीत बी२८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा बॅंड, आहे का ते बघा, त्यांचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. फोन दाराबाहेर नेऊन ऑटो ब्राइटनेस लावून मराठी मेसेज वाचा, आणि रस्त्याच्या गोंगाटात एक कॉल करा. मग *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, डब्यावरचा आणि जीएसटी बिलावरचा नंबर तोच आहे का ताडा, आणि केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा ते उत्तरात येतं. पैसे त्यानंतर द्या, आणि बिल पेटीत ठेवा. फोन हरवला तर सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो बंद करायला तेच बिल कामी येतं.