दिगू की राकेश?

पत्रकारिता शिकणाऱ्या पोरांना एकच सिनेमा दाखवायचा तर कुठला, यावरून कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाताना आमची जुंपली. मित्र म्हणाला, ‘सिंहासन’ (१९७९). मी ‘पीपली लाइव्ह’वर (२०१०) अडून बसलो.

‘सिंहासन’मधला निळू फुलेंचा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे काय सांगावं! मंत्र्यांकडे ऊठबस, आतलं सगळं ठाऊक, आणि शेवटी वेड्यासारखं हसणं. पण दिगू हतबल आहे, बेजबाबदार नाही.

‘पीपली’त धंद्याची लाजच निघते. कर्जबाजारी शेतकरी नत्था आत्महत्या करणार म्हणून गावात चॅनेलवाल्यांची जत्रा भरते. तो परसाकडे गेला तरी बातमी. तिकडे माती खणून पोट भरणारा होरी महतो खड्ड्यातच मरतो, कॅमेरा काही वळत नाही. गावचा बातमीदार राकेश होरीचं नाव काढतो, तर दिल्लीची टीव्ही पत्रकार नंदिता त्यालाच नत्थाचं महत्त्व पटवते.

२०१९ च्या पुरात पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा मुद्दाम खोल पाण्यात उभं राहून माईकवर ओरडणारे बघितले आणि मला होरीच आठवला.

राजकीय बातमीदारीसाठी ‘सिंहासन’च, हे मात्र मान्य केलं. भेळेचे पैसे मित्रानं दिले होते ना!