गरम पाणी आपोआप फिरू द्यायचं की पंप लावायचा? विदर्भातल्या घराचा हिशेब

विदर्भातली थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री आणि पहाटा. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण अशा रात्री मोजक्याच. दुपार झाली की स्वेटर खुंटीवर जातं. थंड देशांत बॉयलरमधलं गरम पाणी नळ्यांतून भिंतीवरच्या रेडिएटरमध्ये खेळवतात आणि अख्खं घर उबदार ठेवतात. शेतात नवं घर बांधताना हल्ली काही जण तसंच करावं का, असं विचारतात. वर्धा, यवतमाळ, अकोल्याच्या सपाटीवर माझं उत्तर सरळ ‘नको’ आहे. तिथे आंघोळीच्या पाण्याची सोय पक्की करा, खोलीला रजई पुरते. चिखलदऱ्याला, हजार मीटरच्या वर, पाहुण्यांसाठी खोल्या काढणार असाल तर मात्र विचार करण्यासारखं आहे.

आंघोळीचं पाणी उन्हानं तापवणारा सोलर हीटर असो की खोलीतला रेडिएटर, मुख्य प्रश्न एकच: तापलेलं पाणी फिरवणार कोण?

पहिला मार्ग बिनपंपाचा. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली येतं आणि चक्र आपोआप सुरू राहतं. याला थर्मोसायफन म्हणतात. स्लॅबवरचे बहुतेक घरगुती सोलर याच तत्त्वावर चालतात. लाइन गेली तरी फरक पडत नाही आणि बिघडायला फिरता भागच नाही. पण अटी कडक आहेत. गरम पाण्याची टाकी पॅनेलच्या वर हवी आणि गार पाण्याची टाकी तिच्याही वर. पाइप सतत चढता हवा. मध्ये झोळ पडला तर तिथे हवा अडकते आणि कडक उन्हातही पाणी कोमटच राहतं. कवेलूच्या छपरावर हे जमणं कठीण, कारण १०० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच १०० किलोचं असतं. अशा घरी अंगणात लोखंडी स्टँड करून पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे करावं. मेळघाटाकडे वानरांचा त्रास असेल तर काचेच्या नळ्यांवर जाळी हवीच.

दुसरा मार्ग सर्क्युलेटरचा, म्हणजे बंद नळ्यांत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचा. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय. विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर असल्यामुळे लोकांना वाटतं, पाणी माडीवर न्यायचं तर निदान अर्ध्या एचपीची मोटर लागेल. बंद नळीत तसं नसतं. जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूनं खाली येतं, रहाटाच्या दोन बाजूंना दोन भरल्या बादल्या असाव्यात तसं. पंपाला फक्त नळ्यांचं घर्षण तोडायचं असतं. आकडाच बघा: पाणी रेडिएटरमध्ये १० अंशांनी निवतं असं धरलं, तर खोलीत एक किलोवॉट उष्णता सोडायला तासाला साधारण ८६ लिटर पाणी फिरलं की झालं. म्हणजे मिनिटाला दीड लिटरसुद्धा नाही. घरगुती सर्क्युलेटर त्यामुळे ५० वॉटच्या आसपासचा मिळतो. रात्रभर आठ तास चालला तरी अर्धा युनिटही होत नाही आणि घरच्या इन्व्हर्टरवर आरामात निघतो. त्याच्या जागी पाणी उपसायचा साधा मोनोब्लॉक पंप बसवू नका. त्याचं सील गरम पाण्यासाठी नसतं आणि आवाजानं झोपही जाईल.

पंपामुळे टाकी खाली ठेवता येते, नळ्या बारीक चालतात, लांबच्या न्हाणीपर्यंत पाणी फिरतं ठेवता येतं. सोलरला पंप असेल तर दोन सेन्सरवाला कंट्रोलर घ्या: पॅनेल टाकीपेक्षा काही अंश जास्त तापलं की पंप सुरू, फरक कमी झाला की बंद. सोबत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर दिवसभर तापवलेलं पाणी रात्री उलटं फिरून पॅनेलमध्ये गार होतं.

पाण्याच्या जातीकडे फिटर सहसा लक्ष देत नाही, आणि आपल्याकडे खरं नुकसान तिथेच होतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा असो की इतरत्र बोअरचं जड पाणी, तापवलं की क्षार धरतं. आंघोळीच्या सोलरमध्ये रोज नवं पाणी येतं, म्हणजे रोज नवा थर. खोल्या तापवणाऱ्या बंद चक्रात तेच ते पाणी फिरतं, म्हणून क्षार एकदा बसला की पुढे फारसा वाढत नाही. मात्र गळती असेल आणि सारखं पाणी भरावं लागत असेल, तर क्षारही वाढतो आणि नव्या पाण्यातल्या हवेनं लोखंड गंजतं. जड पाण्याच्या गावात हीट एक्स्चेंजरवाला सोलर घ्यावा. महाग पडतो, पण पॅनेलमधलं पाणी वेगळं राहतं.

पऱ्हाट्या-तुराट्या घरच्याच असतात, म्हणून लाकडी बॉयलरचा मोह होतो. आंघोळीपुरता तांब्याचा बंब उत्तमच. पण रेडिएटरला जोडलेल्या लाकडी बॉयलरवर पंप असेल आणि रात्री लाइन गेली, तर पंप थांबतो, आग थांबत नाही. गीझर बटणावर बंद होतो, पेटलेलं लाकूड होत नाही. म्हणून वरच्या टाकीत उघडी सुटणारी, व्हॉल्व्ह नसलेली नळी हवी आणि एखादा रेडिएटर बिनपंपाच्या चढत्या नळीवर हवा, म्हणजे उष्णतेला वाट राहते. यावर फिटर ‘चालते ना भाऊ’ म्हणाला तर दुसरा फिटर बघा.

रेडिएटरऐवजी फरशीखाली नळ्या टाकूनही खोली तापवता येते. त्या नळ्यांना ३५ ते ४० अंशांचं पाणी पुरतं, त्यामुळे सोलरशी जोडी चांगली जमते. रेडिएटरला ते कोमट पडतं. पण फरशी तापायला काही तास लागतात. शनिवारी रात्री पाहुणे आल्यावर सुरू करून उपयोग नाही. आणि कवेलूखाली आढं उघडं असेल तर आधी छत लावून घ्या, नाहीतर सगळी ऊब वरून निघून जाईल.

पंप बसवताना त्याचा दांडा आडवा आहे ना आणि बॉडीवरचा बाण पाण्याच्या दिशेनं आहे ना, हे स्वतः बघा. बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, म्हणून चक्र भरून हवा काढल्याशिवाय पंप चालू करायचा नाही. आणि होळीनंतर तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच पडू देऊ नका, जाम होतो. महिन्यातून एकदा पाच मिनिटं फिरवायचा.