टॉवर क्रेन उभारणारी टीम: काम चोख, कागदपत्रं रडतखडत

वाकडला आमच्या साइटवर टॉवर क्रेन उभी करायला ज्यांना बोलावलं त्यांना माझ्याकडून चार स्टार, रेट जरा जास्त आहे पण पैसे वसूल. आल्या आल्या फोरमनने फाउंडेशनचा क्यूब टेस्ट रिपोर्ट (काँक्रीट किती मजबूत झालंय ते सांगणारा) मागितला, तो बघितल्याशिवाय मास्टला, म्हणजे क्रेनच्या उभ्या खांबाला, हात लावणार नाही म्हणाला, कॉन्ट्रॅक्टर साहेब जाम वैतागले पण हा काय हलला नाही. हे भाग उचलायला लागणाऱ्या मोबाइल क्रेनच्या आउटरिगरखाली (बाजूला पसरणाऱ्या आधाराच्या पायांखाली) जाड स्टीलच्या प्लेटा टाकल्या, आमच्याकडे खाली सगळा भराव आहे म्हणून हे गरजेचंच होतं, नाहीतर बरेच जण चार ओंडके टाकून मोकळे होतात.

सगळ्यात भारी म्हणजे क्रम. आधी काउंटर जिब (मागचा आखूड हात), मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढंच वजन मागे, मग पुढची लांब जिब (माल उचलणारा हात), आणि त्यानंतरच उरलेले काउंटरवेट (तोल सांभाळणारी मागची वजनं). इथे गडबड केली तर मास्टवर एकाच बाजूने भलताच लोड येतो, क्रेन आडवीसुद्धा होऊ शकते. दुपारी वारा वाढला तर अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) बघून काम सरळ बंद, जिब जमिनीवरच राहू दिली. बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), पिना निसटू नयेत म्हणून त्यांना स्प्लिट पिन, वर चढलेली पोरं हार्नेसशिवाय दिसलीच नाहीत.

एक स्टार कापला तो सर्टिफिकेटसाठी. लोड टेस्ट झाली, लिमिट स्विच (हद्दीबाहेर गेलं की क्रेन आपोआप थांबवणारे) चेक झाले, पण कागद मागितला की "उद्या देतो सर". तोवर क्रेन नुसती उभी, आणि भाड्याचं मीटर चालूच.