फेज डायग्रामच्या चित्राऐवजी टीडीबी फाइल: काही महिन्यांच्या वापरानंतर

अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामात दाणे कसे वाढतात याचं सिम्युलेशन नागपुरात बसून करायचं, तर पहिली अडचण डेटाची. वाडीला अ‍ॅल्युमिनियमचं संशोधन केंद्र आहे, हिंगणा एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत. पण महागड्या पॅकेजचं दरवर्षीचं लायसन्स छोट्या फाउंड्रीच्या आवाक्यातलं नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी पायकॅलफॅड हा समतोल मोजणारा प्रोग्राम आणि कॉस्ट 507 हा हलक्या मिश्रधातूंचा डेटाबेस वापरते आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. डेटाबेसची फाइल (टीडीबी, म्हणजे थर्मोडायनॅमिक डेटाबेस) ओपनकॅलफॅड या तशाच दुसऱ्या प्रोग्रामसोबतही मिळते.

हँडबुकातल्या फेज डायग्रामवरून, म्हणजे कोणत्या तापमानाला नि प्रमाणाला काय द्रव आणि काय घन असतं ते दाखवणाऱ्या चित्रावरून, रेघा उतरवून घेणं हा बहुतेकांचा रस्ता. दोनच घटक असतील तर तो वाईट नाही. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, सिलिकॉनबरोबरचा युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण) 577 अंशांना, वजनाने साधारण 12.6 टक्क्यांवर. या दोन बिंदूंतून सरळ रेघ ओढली तर 7 टक्के सिलिकॉनला लिक्विडस, म्हणजे गोठणं सुरू होण्याचं तापमान, 614 येतो. खऱ्या आकड्यापासून दोन-चार अंशच दूर.

गाडी अडते ती मॅग्नेशियम आल्यावर. ए356 या ओतकामाच्या मिश्रधातूत ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं, पण घटक तीन झाले की छापलेल्या उभ्या छेदात टाय-लाइन, म्हणजे समतोलातला घन आणि द्रव जोडणाऱ्या रेघा, सापडत नाहीत. त्या सहसा कागदाच्या पातळीतून बाहेर जातात. मग घनात मॅग्नेशियम किती गेलं आणि द्रवात किती उरलं, हे चित्रातून कसं काढणार? शिवाय फेज-फील्डला, म्हणजे दाण्यांच्या सिम्युलेशनच्या या पद्धतीला, ड्रायव्हिंग फोर्स लागतो, म्हणजे द्रव आणि घन यांच्या गिब्ज ऊर्जेतला फरक. चित्रात समतोलाच्या सीमा तेवढ्या असतात. युटेक्टिकच्या खाली उतरूनही न गोठलेल्या द्रवाची ऊर्जा त्यात कुठेच नसते, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते.

टीडीबी फाइलमध्ये ती असते. ही साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडून ओळ न ओळ वाचता येते, आणि मला तिचं सगळ्यात जास्त मोल याचंच वाटतं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची ओळ -7976.15 + 137.093038 T अशी सुरू होते; T म्हणजे केल्विनमधलं तापमान. एसजीटीई या युरोपीय थर्मोडायनॅमिक डेटा गटाचे हे आकडे डिन्सडेल यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केले. त्यापुढे मिश्रणाच्या रेडलिश-किस्टर पदांचे सहगुणक, म्हणजे मिश्रणाची ऊर्जा आदर्श मिश्रणापासून किती हटते ते सांगणारे आकडे. विकतचे डेटाबेस बहुधा कुलूपबंद असतात. उत्तर मिळतं, पण ते कोणत्या पदातून आलं ते दिसत नाही. विद्यार्थ्यांना शिकवायचं असेल तर उघडीच फाइल घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

त्रास कुठे होतो तेही सांगते. ग्रिडच्या प्रत्येक चौकटीत दर पावलाला समतोल काढायला लावला तर सिम्युलेशन पुढे सरकतच नाही. लागणाऱ्या तापमानांची कोष्टकं आधी करून ठेवावीत, किंवा समतोलाच्या जवळ ऊर्जेला पॅराबोला बसवावा. फाइल मोलच्या भाषेत बोलते: तांब्याबरोबरचा युटेक्टिक वजनाने 33 टक्क्यांवर, पण अणूंच्या हिशोबाने 17 टक्क्यांच्या जरा वर. ऊर्जाही जूल प्रति मोल. ती प्रति घनमीटर करायला मोलर आकारमान स्वतः द्यावं लागतं, अ‍ॅल्युमिनियमसाठी साधारण 10 घनसेंटिमीटर प्रति मोल. आणि फाइलमध्ये एखादा घटक आहे म्हणजे त्याच्या सगळ्या जोड्या तपासलेल्या आहेत, असं अजिबात नाही. सहगुणक नसलेली जोडी आदर्श मिश्रण म्हणून मोजली जाते, प्रोग्राम तक्रार करत नाही, आणि उत्तर दिसायला नीट येतं. आपल्या मिश्रधातूतली प्रत्येक जोडी फाइलमध्ये शोधून बघाच.

एजिंगवर, म्हणजे गोठलेला मिश्रधातू नंतर तापवून कठीण करण्यावर, काम करणाऱ्यांचं यातून भागणार नाही. तांब्याच्या मिश्रधातूंतल्या थीटा-प्राइमसारख्या अर्धस्थिर प्रावस्था (फेज) समतोलाच्या डेटाबेसमध्ये असतीलच असं नाही. विसरणाचे (डिफ्यूजनचे) गुणांकही इथे नाहीत, त्यासाठी वेगळा मोबिलिटी डेटाबेस लागतो. माझा पुढचा शोध तोच आहे. घनीभवनापुरतं काम असेल, तर मात्र पायकॅलफॅड आणि कॉस्ट 507 हीच जोडी घ्या.