बटर चोळायचं, किसायचं, वितळवायचं की वापरायचंच नाही? घरच्या पदरी बिस्किटांच्या चार पद्धती

आधी एक घोळ मिटवू. इथे बिस्किट म्हणजे डब्यात महिनाभर टिकणारं कडक, पातळ बिस्किट नव्हे. अमेरिकेत, विशेषतः तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत, ज्याला बिस्किट म्हणतात ते दोन पेरांएवढं उंच असतं. वरून किंचित कुरकुरीत, आतून मऊ, आणि हाताने उघडायला गेलं की आडवे पदर सुटणारं. यीस्ट नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही. ‘बिस्किट’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘दोनदा भाजलेलं’. हे मात्र एकदाच भाजतात, तेही पंधरा मिनिटांत.

साहित्य बहुतेक कृतींत सारखंच सापडेल: 250 ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, पाऊण छोटा चमचा मीठ, 115 ग्रॅम बटर आणि साधारण 180 मिली थंडगार घट्ट ताक. बटर खारं असेल तर मीठ निम्म्यावर आणा. इथपर्यंत वाद नाही. वाद सुरू होतो तो बटर मैद्यात जायचं कसं, यावर. एक जण म्हणतो बोटांनी चोळा, दुसरा म्हणतो गोठवून किसा, तिसरा चक्क वितळवून ताकात ओततो, आणि चौथा म्हणतो बटर ठेवा बाजूला, क्रीम आणा. मी चारही पद्धती पुष्कळदा करून बघितल्या आहेत, आणि त्यांतून येणारी बिस्किटं एकाच नावाची असली तरी एकच वस्तू नाहीत.

मऊ हवीत की पदर हवेत?

‘मऊ आणि पदर सुटलेली’ असं आपण एका दमात म्हणतो, पण या दोन गोष्टी एकमेकींना विरुद्ध दिशांना ओढतात. बटर मैद्यात जितकं बारीक मुरेल, तितकं ते मैद्याच्या कणांना वेढून टाकतं. मग पाणी नीट आत शिरत नाही, ग्लुटेनची, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची, चिवट जाळी लांब होत नाही, आणि बिस्किट खुसखुशीत, तोंडात विरघळणारं होतं. मोहन चोळल्यावर जे होतं तेच. पदर हवे असतील तर मात्र बटरचे तुकडे तुकडेच राहायला हवेत. बटरमध्ये साधारण 80 ते 82 टक्के स्निग्धांश असतो आणि 16 ते 18 टक्के पाणी. दोन थरांमध्ये चपटा होऊन बसलेला तुकडा ओव्हनमध्ये वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्यापेक्षा 1600 पटींहून जास्त जागा लागते. ती जागा ती वरचा थर उचलून मिळवते. तुकडा होता तिथे पोकळी राहते, आणि तिच्या वर-खाली पदर.

म्हणून कुठलीही कृती वाचताना मी एवढंच बघते की ओव्हनमध्ये जाताना बटर कुठल्या आकारात आहे. तुपाच्या बिस्किटांना पदर का सुटत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. तुपात पाणीच नाही, तर वाफ कुठून येणार?

बोटांनी चोळून

ही जुनी पद्धत. फ्रीजमधल्या घट्ट बटरचे चौकोनी तुकडे मैद्यात टाकायचे आणि अंगठा नि दोन बोटांच्या चिमटीत दाबून चपटे करायचे. तळहात लागू द्यायचा नाही. थांबायचं कधी, हे सांगणं सगळ्यात अवघड. काही तुकडे मटाराएवढे राहिलेले, काही पाकळीसारखे चपटे झालेले आणि बाकीचं पीठ रवाळ दिसायला लागलेलं, असं मिश्रण हवं. एकसारखं झालं की गाडी पुढे गेली समजा.

या असमानतेतच हिची गंमत आहे. बारीक झालेलं बटर बिस्किट मऊ करतं, मोठे तुकडे पदर सोडवतात, म्हणजे मघाशी विरुद्ध ओढणाऱ्या त्या दोन्ही गोष्टी एकाच घासात मिळतात. हात बसलेल्या माणसाची चोळलेली बिस्किटं मला अजूनही चारांत सरस वाटतात.

पण हात बसायला लागतो. बटर 20 अंशांच्या आसपास चांगलंच नरम पडतं आणि तिशीच्या थोडं पुढे वितळून जातं, आणि बोटांची ऊब त्याच्या जवळपासच असते. स्वयंपाकघर गरम असेल तर पाच मिनिटांत पिठाला तेलकट चमक येते. ती दिसली की ताक घालायची घाई करू नका. अख्खं भांडं वीस मिनिटं फ्रीजमध्ये ढकला. मी एकदा ‘आता एवढ्यासाठी कुठे थांबा’ म्हणून पुढे गेले. चपटी, जड, खाली तुपाळ डाग पडलेली बिस्किटं मिळाली. चवीला वाईट नव्हती, पण पदर शोधायला भिंग लागलं असतं.

मिक्सर किंवा फूड प्रोसेसरने हे काम होतं, पण पातं तीन-चार झटक्यांपेक्षा जास्त फिरलं की सगळं रवाळ होऊन बसतं. बिनभरवशाचा मदतनीस.

गोठवून, किसून

बटरची वडी तासभर फ्रीझरमध्ये ठेवायची आणि किसणीच्या मोठ्या भोकांवर थेट मैद्यात किसायची. किस काट्याने हलकेच कालवायचा, म्हणजे प्रत्येक काडी मैद्यात घोळली जाते आणि एकमेकींना चिकटत नाही. पुढे हात लावायचं काम जवळजवळ नाहीच.

हिचा फायदा असा की अंदाज लागत नाही. तुकड्यांचा आकार किसणी ठरवते, तुमचा अनुभव नव्हे. गोठलेलं बटर चोळण्याच्या पद्धतीपेक्षा बराच वेळ थंडही राहतं. पहिल्यांदाच करणाऱ्याला, किंवा ज्याचं स्वयंपाकघर तापलेलं असतं त्याला मी डोळे झाकून हीच पद्धत सांगते. तोटे किरकोळ आहेत. शेवटचा दोन बोटांएवढा तुकडा किसताना बोटं सोलवटतात (तो सुरीने चिरा, हट्ट करू नका), आणि काड्या सगळ्या सारख्या असल्याने पदरही सारखे, थोडे बारीक येतात. चोळलेल्या बिस्किटातले ते अधूनमधून येणारे मोठे, लोण्याळ कप्पे इथे कमी.

चोळलेलं असो की किसलेलं, घडीशिवाय दोन्ही अर्धवट. ताक घालून पीठ जेमतेम गोळा झालं की ओट्यावर काढा. ते विस्कटलेलं, कुठे कोरडं कुठे ओलं दिसेल, दिसू द्या. मळायचं नाही. हाताने थापून लांबट करा, पत्र दुमडतो तशी तीन भागांत घडी घाला, पाव वळण फिरवा, पुन्हा थापा. तीनदा केलं की हिशोबाने 27 थर झाले. पहिल्या घडीला पीठ तुकड्या-तुकड्यांनी गळतं आणि हे काही जमणार नाही असं वाटतं. दुसऱ्या घडीला जरा ऐकायला लागतं. तिसऱ्या घडीला कडेने बघितलंत तर पिठात बटरच्या पिवळट रेघा आडव्या पसरलेल्या दिसतात. तिथे थांबा. पाचव्या-सहाव्या घडीनंतर बटर पिठात विरायला लागतं, पीठ चिवट होतं आणि केलेलं काम आपणच पुसतो.

वितळवून, थंड ताकात

ही पद्धत ऐकली तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. बटर वितळवून पाचेक मिनिटं निववायचं आणि फ्रीजमधून काढलेल्या, अगदी गारेगार ताकात काट्याने ढवळत ओतायचं. इथे ताक जास्त, 240 मिली घ्या. गारव्याने बटर लगेच थिजतं आणि ताकभर पांढऱ्या-पिवळ्या बारीक गुठळ्या तरंगायला लागतात. पहिल्या वेळी ते फाटलं असं समजून मी सगळं मोरीत ओतून दिलं. तेच तर हवं होतं! त्या गुठळ्या म्हणजे आयतेच पाडलेले बटरचे तुकडे.

हे मिश्रण मैद्यात ओता, पीठ भांड्याच्या कडा सोडेपर्यंत कालवा आणि चमच्याने ढीग-ढीग करून ट्रेवर टाका. लाटणं नाही, कटर नाही, ओट्यावर पिठाचा राडा नाही. ओव्हन तापेपर्यंत पीठ तयार होतं. पण घड्या नाहीत, म्हणून आडवे पदरही नाहीत. वरून खडबडीत, टोकांना कुरकुरीत, आतून ओलसर मऊ असं बिस्किट मिळतं. रश्श्याबरोबर खायला मला हेच आवडतं, कारण खडबडीत बाजू रस धरून ठेवते. दाखवायला मात्र बेढब.

क्रीमची

बटर नाही, ताक नाही, सोडाही नाही. 250 ग्रॅम मैदा, तीच बेकिंग पावडर, मीठ, आणि 35-36 टक्के स्निग्धांशाचं सुमारे 300 मिली क्रीम. कालवा, थापा, कापा, भाजा.

गणित मांडून बघा. 300 मिली क्रीममध्ये जवळजवळ 105 ग्रॅम स्निग्धांश येतो आणि 115 ग्रॅम बटरमध्ये 92-94. पाणीही दोन्हींकडे साधारण तेवढंच भरतं. म्हणजे साहित्याच्या हिशोबाने ही बिस्किटं बटरच्या बिस्किटांची सख्खी बहीण, तरी तोंडात वेगळी. क्रीममधली चरबी अतिसूक्ष्म थेंबांत असते, ती मैद्याला सगळीकडून वेढते आणि तुकडा कुठेच उरत नाही. म्हणून चारही पद्धतींत ही सर्वांत मऊ, आणि पदरांच्या बाबतीत सर्वांत दरिद्री. ताकाची आंबूस चवही नाही, दुधाळ गोडसर लागते. वर फळं घालून गोड म्हणून द्यायची असतील तर हीच करा. कमी स्निग्धांशाचं क्रीम घेऊन मात्र ही कृती करू नका. पिठाचा कोरडा पाव होतो.

पद्धत कुठलीही घेतलीत तरी

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघा. 100 ग्रॅममागे 8-9 असेल तर उत्तम, 10-11 चालतं, 12च्या वर तो पावाचा मैदा, तो नको. अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किटांचं एवढं प्रस्थ होण्यामागे तिथला मऊ गहू हे मोठं कारण आहे. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये 1883 साली सुरू झालेल्या व्हाइट लिली या पिठाचं नाव तिकडच्या कृतींत सारखं येतं ते त्यामुळेच. असं पीठ पाणी कमी पितं, म्हणून तिकडची कृती आपल्या मैद्याने करताना ताक थोडं जास्त लागू शकतं, हाताशी ठेवा. मैदा कडक असेल तर त्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला.

कापताना कटर किंवा वाटी सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. फिरवू नका. फिरवलं की कडा एकमेकींत चिकटून बंद होतात आणि बिस्किट एका अंगाला झुकून फुगतं. याहून सोपं म्हणजे धारदार सुरीने चौकोन पाडणं. मी हल्ली चौकोनच पाडते. उरलेलं पीठ पुन्हा गोळा करायला नको, आणि गोळा केलेल्या पिठाची बिस्किटं पहिल्यांसारखी होतही नाहीत.

ओव्हन 220 ते 230 अंशांवर आधीच चांगला तापलेला हवा. मंद आचेवर बटर वाफ व्हायच्या आधीच वितळून ओघळतं. बिस्किटं एकमेकींना खेटून ठेवली तर बाजू मऊ राहतात आणि आधाराने वर चढतात. सुटी ठेवली तर बाजूंनी कुरकुरीत होतात. 14 ते 18 मिनिटं लागतात, वरचा रंग बघा.

मग घ्यायची कुठली?

पदरांचा हव्यास असेल आणि हात अजून बसला नसेल तर किसून. दहा-बारा वेळा करून झाल्यावर चोळायला लागा, फरक स्वतःच कळेल. अर्ध्या तासात ताटात काहीतरी गरम हवंय, ओटाही खराब करायचा नाही, तर वितळवून. घरात दात नसलेलं कुणी असेल, मग ते वर्षाचं असो की ऐंशीचं, तर क्रीमची. पाहुण्यांसाठी पहिल्यांदाच करायची असतील तर चोळून करायचं धाडस त्या दिवशी नको.

आणखी एक गोष्ट किसलेल्यांच्या पारड्यात टाकते. कापलेली कच्ची बिस्किटं ट्रेवर सुटी गोठवून मग पिशवीत भरून ठेवली तर महिनाभर राहतात. फ्रीझरमधून काढून, न वितळवता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवायची आणि तीन-चार मिनिटं जास्त द्यायची. माझ्याकडे तर ही गोठवलेलीच ताज्यांपेक्षा उंच फुगतात, कारण ओव्हनचं दार लागेपर्यंत त्यांतलं बटर दगडासारखं असतं.