चढणारी बेसलाइन: मिथेनॉल की अ‍ॅसिटोनायट्राइल?

एचपीएलसीमध्ये (नमुन्यातले घटक द्रावकाच्या प्रवाहात वेगळे करून यूव्ही प्रकाशाने मोजण्याची पद्धत) २१० नॅनोमीटरवर ग्रेडियंट, म्हणजे पाण्यातलं द्रावकाचं प्रमाण हळूहळू वाढवत, चालवताना बेसलाइन (आलेखाची पायाची रेषा) चढत गेली की पहिला संशय पंपावर जातो. पण दोष बऱ्याचदा द्रावकाचा असतो. मिथेनॉलचा यूव्ही कटऑफ (ज्याच्या खाली आणि जवळपास द्रावक स्वतःच बराच प्रकाश शोषतो ती तरंगलांबी) २०५ नॅनोमीटर. त्याचं प्रमाण वाढतं तसं शोषण वाढतं, बेसलाइन वर सरकते. अ‍ॅसिटोनायट्राइलचा कटऑफ १९०, म्हणून तिथे ती बरीच सपाट राहते. पंपावर दाबही कमी येतो. २५४ वर मात्र मिथेनॉल खुशाल वापरावं.

द्रावकात ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल मिसळलेलं असेल, तर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्येही बेसलाइन सरकते. तेव्हा मी हे आम्ल पाण्यात ०.१ टक्का आणि अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये ०.०८५ टक्क्याच्या आसपास ठेवते. द्रावक बदलण्याआधी नमुन्याशिवाय कोरा ग्रेडियंट जरूर चालवा. बदलल्यावर पीकचा (आलेखातल्या प्रत्येक घटकाच्या शिखराचा) क्रमही उलटू शकतो.